तेवीस व्हर्न स्टूबर

क्लीव्हलँडला लागून असलेल्या आमच्या पार्मात कवडीचुंबकांचा तुटवडा कधीच नव्हता, पण एमिल हुडाकची जात वेगळी. बाकीचे लोक पैसा वाचवतात आणि बँकेत टाकतात. एमिल पैसा वाचवतो आणि दर शनिवारी सव्वादहा वाजता माझ्या दुकानात आणून पन्नास-पन्नास सेंटांनी घालवतो. बरं, घालवतो तेही अशा थाटात, की जणू मीच त्याच्याकडे काही मागायला आलोय.

माझं दुकान लाँड्रीच्या शेजारी आहे. जुनी बेसबॉलची कार्डं विकतो, च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंचे फोटो छापून यायची ती. चांगली कार्डं काउंटरच्या काचेखाली, त्याहून चांगली माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, आणि दाराशी बुटांच्या खोक्यांत पन्नास सेंटवाला गाळ. बावीस वर्षांत एमिलने दाराच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. खोक्यापाशी घडीची खुर्ची घेऊन बसतो, ती पण घरून आणतो, आणि बोटाला थुंकी लावून एकेक कार्ड उलटतो. मी शंभरदा सांगितलं, बाबा रे, थुंकी नको. तो म्हणतो, "ओरेस्ट, ह्या कार्डांनी काय काय सोसलंय, त्यात माझी थुंकी काय जड आहे?"

त्याला फक्त क्लीव्हलँडची कार्डं लागतात, तीही पन्नास-साठच्या दशकातली. आमच्या संघाने शेवटचं अजिंक्यपद मिळवलं ऑक्टोबर १९४८ मध्ये, आणि त्याच आठवड्यात एमिल जन्मला. त्यानंतर संघाला काही जिंकायची गरज वाटली नाही आणि एमिलला काही शहाणपण यायची. नावाजलेल्या खेळाडूंची कार्डं त्याला परवडत नाहीत, म्हणून ती त्याला आवडत नाहीत. आवडतात ते राखीव, बदली, अर्ध्या मोसमात घरी पाठवलेले. कार्डं कशी? कोपरे झिजलेली, रबरबँडने कंबर मोडलेली, टाचण्यांनी भोकं पडलेली, पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फडफडवलेली. एकदा मी त्याला एक कोरं करकरीत कार्ड पुढे केलं. त्याला घाण वास येत असावा तसं त्याने ते दूर धरलं. "हे तर कुणी हातातच घेतलेलं नाही," म्हणाला. "कुणाला नकोसा झाला होता वाटतं बिचारा."

मोटारींचे पत्रे दाबायच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून माणूस ही अक्कल घेऊन बाहेर पडला.

तर ह्या सगळ्या नगांत त्याचा लाडका म्हणजे व्हर्न स्टूबर. राखीव कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक. १९५९ साली नऊ सामने खेळला, दोनदा चेंडूला बॅट नीट लागली, संपलं. त्याचं आयुष्यात एकच कार्ड निघालं. एमिल अकरा वर्षांचा असताना त्याने स्वतःच्या पैशांनी पहिल्यांदा च्युइंगगमचं पाकीट फोडलं, त्यात हा वरती बसलेला. शाळेत कुणीही त्याच्या बदल्यात काही देईना. मग एमिलने त्याला ठेवून घेतलं, अनाथाला ठेवून घ्यावं तसं. तेव्हापासून जिथे हे कार्ड दिसेल तिथे हा ते विकत घेतो. "दुसरं कोण घेणार त्याला?" हा त्याचा युक्तिवाद. अशा रीतीने एमिलकडे एकाच माणसाची तेवीस कार्डं झाली. जगात दुसऱ्या कुणाकडे व्हर्न स्टूबरचा एवढा साठा असेल तर मी माझी टोपी खाऊन दाखवेन.

आणि त्या चेहऱ्यावर त्याचं किती प्रेम. मोठे पसरलेले कान, दात दाखवून हसणं, टोपी जरा मागे. "बघ," मला म्हणायचा, "नऊच सामने मिळाले, पण तोंडावर तक्रार आहे का कुठे? माणसाने असं असावं." कारखान्यात त्याची पाळी बदलली, भाऊ गेला, डोलोरेसचं ऑपरेशन झालं, प्रत्येक वेळी तो घरी जाऊन ते कान बघून यायचा. डोलोरेस म्हणजे त्याची बायको. ती म्हणते, "मी इस्पितळातून परत आले तर जीव भांड्यात पडला हे हा त्या स्टूबरला सांगत होता, मला नाही."

आता ज्या गोष्टीसाठी मला शिव्या घालायच्या असतील ती सांगून टाकतो. कार्डावरचा चेहरा व्हर्न स्टूबरचा नव्हताच.

छापणाऱ्यांनी दोन पोरांचे फोटो उलटसुलट केले होते. नाव स्टूबरचं, चित्र केनी रोच नावाच्या दुसऱ्याच पोराचं. कार्डांच्या किमतींचं भावांचं पुस्तक निघतं, त्यात बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं, धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. एमिलला ठाऊक नव्हतं, कारण भावांचं पुस्तक बावीस डॉलरला मिळतं आणि एमिल पन्नास सेंटच्या वर हात नेत नाही. इंटरनेटशी त्याचं वैर. मी का सांगितलं नाही? सुरुवातीला वाटलं, गिऱ्हाईक आहे, कशाला तोंड उघडा. नंतर ते गिऱ्हाईक राहिलं नाही, मित्र झाला, आणि मग तर सांगणं अशक्यच. भित्रा म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

आणि मार्चमध्ये आमच्या चर्चने तळघरातल्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरवला आणि पत्रकावर छापलं: खास पाहुणे, व्हर्न स्टूबर, सही फुकट. त्याची मुलगी जवळच मेदिनाला राहते, तिने आणायचं कबूल केलं होतं. मी ते पत्रक दुकानाच्या दारावरून दोनदा फाडलं. तिसरं लाँड्रीवाल्यांनी त्यांच्या दारावर लावलं आणि एमिलने वाचलं.

"ओरेस्ट," तो आत आला, दार ओलांडून, थेट काउंटरपर्यंत. "तो जिवंत आहे."

मी म्हटलं, "त्र्याऐंशीचा आहे, एमिल. चिडका आहे म्हणतात. हॉलचं हीटर बिघडलंय. तुझे गुडघे धरतील."

"साठ वर्षं झाली, आणि मी गुडघ्यांचं बघू?"

पालथ्या घड्यावर पाणी. शनिवारी तो लग्नातला कोट घालून आला. हातात डोलोरेसचा केकचा डबा, त्यात तेवीस व्हर्न स्टूबर, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. खिशात घरून आणलेलं सँडविच, कारण हॉलमध्ये बायका पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, विकत होत्या आणि त्यांनी यंदा भाव वाढवला होता.

पिरोगीपुढे रांग दारापर्यंत होती. स्टूबरच्या टेबलापुढे एक माणूस होता, तो एमिल. माझं टेबल शेजारीच. मी प्लेटभर पिरोगी घेऊन बसलो होतो, पण लक्ष सगळं पलीकडच्या टेबलावर.

समोर बसलेला म्हातारा काटकुळा, ओठ दाबलेला, आणि कान लहान, डोक्याला चिकटलेले. एमिल क्षणभर त्या कानांकडेच बघत राहिला. मग वळून माझ्या कानात म्हणाला, "म्हातारपणी कान वाढतात म्हणतात. याचे तर आटले."

मी म्हटलं, "थंडी आहे."

एमिलने डबा उघडला. "स्टूबरसाहेब, मी एमिल. तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला रोज बघतो."

म्हाताऱ्याने वरचं कार्ड उचललं, लांब धरलं, मग खाली ठेवलं. "यावर मी सही करत नाही."

"सही फुकट आहे असं लिहिलंय."

"फुकटच आहे. चेंडू आणा, टोपी आणा, हात मोडला असेल तर प्लास्टरवरही करतो. यावर नाही. हा मी नाही."

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं आणि थोबाड केनी रोचचं." म्हाताऱ्याचा आवाज चढला. साठ वर्षं घोटलेलं होतं ते. "मला जन्मात एकच कार्ड मिळालं. आईने शेजारपाजारच्यांना घरी बोलावलं, केक केला, सगळ्यांसमोर छापणाऱ्यांनी पाठवलेलं पाकीट फोडलं, आणि मला विचारलं, व्हर्न, हा कोण? अजूनही लोक हे कार्ड पोस्टाने पाठवतात. मी सगळी परत पाठवतो. वर लिहितो, हा मी नाही."

एमिलने हळूच मान माझ्याकडे वळवली. "ओरेस्ट, तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू मला ती विकत राहिलास."

"भाव कधी वाढवला नाही," मी म्हटलं. विनोद करायला गेलो होतो. माझ्या तोंडात कुणी तेव्हाच बोळा कोंबायला हवा होता. एमिल कोटाची बटणं लावायला लागला, जणू आता निघायचंच. वरचं एकच बटण तीन वेळा लावलं. मला वाटलं, गेला हा, उद्यापासून खोक्यापाशी खुर्ची दिसणार नाही. सगळं प्रेम चुकीच्या पत्त्यावर गेलं, आणि पत्ता ठाऊक असलेला पोस्टमन मी.

पण तो गेला नाही. त्याने कार्ड पुन्हा हातात घेतलं.

"मग हा कुठे गेला?" त्याने विचारलं.

"कोण?"

"हा. केनी."

म्हाताऱ्याला हा प्रश्न बहुतेक कुणी विचारला नसावा. "टूसॉनला सरावाच्या छावणीत एका खोलीत होतो आम्ही. त्याच दिवशी दोघांचे फोटो काढले. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला होता. मोसम सुरू व्हायला आठवडा असताना गुडघा मोडला त्याचा, म्हणून माझा नंबर लागला. तो मॅरियनला घरी गेला. ब्रेडची गाडी चालवली आयुष्यभर. चौऱ्याण्णव साली गेला."

"म्हणजे हा एकही सामना खेळला नाही."

"एकही नाही."

एमिलने कार्ड उजेडाकडे केलं, ते कान पुन्हा एकदा नीट बघितले. "आणि तरी हसतोय," म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं बुवा. ह्या चुकीने त्याचं एक तरी कार्ड निघालं."

साठ वर्षं फुगून बसलेला माणूस असा एका वाक्यात खाली बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पलीकडे पिरोगीच्या रांगेत कांदा कमी पडल्यावरून भांडण चाललं होतं. शेवटी स्टूबरने पेन उचललं, पाकिटातून कार्ड काढलं, खाली छापलेलं स्वतःचं नाव एका रेघेने खोडलं आणि वर लिहिलं, केनी रोच.

माझ्या धंद्याच्या हिशेबाने त्याने पन्नास सेंटचं कार्डही मातीमोल केलं. एमिलने पुढचं कार्ड सरकवलं. मग त्याच्या पुढचं. तेवीसच्या तेवीस झाली. अर्धा तास लागला, आणि मध्ये कुणी सहीला आलं नाही, त्यामुळे गैरसोयही कुणाची झाली नाही.

शेवटचं कार्ड म्हाताऱ्याने लगेच परत दिलं नाही. "यातलं एक मला देता का?" त्याने विचारलं. "रूथ आहे अजून. केनीची बायको. मॅरियनलाच असते. दर नाताळला मला पत्र पाठवते, मीही पाठवतो. हे कार्ड मी साठ वर्षं परत पाठवतोय, ज्याला त्याला. तिला एक पाठवायचं मला कधी सुचलं नाही."

एमिलने नाक शिंकरलं.

"मुलं किती तिला?"

"चार."

"आणि नातवंडं?"

"अकरा असतील. की बारा. पतवंडंही झाली म्हणते."

एमिलने बोटांवर काहीतरी मोजलं, मध्येच सोडून दिलं, डब्याचं झाकण लावलं आणि अख्खा डबा म्हाताऱ्यापुढे सरकवला. बावीस वर्षांत ह्या माणसाने कुणाला फुकट काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, उघड सांगतो, आणि तोंडात नेमका तेव्हाच पिरोगीचा घास घातलेला होता, त्यामुळे धड रडताही येईना.