परक्या डोंगराला गाऱ्हाणं

लेकीला कांदिवलीला परत न्यायचं, हे ठरवूनच मी त्या स्कॉटलंडच्या बेटावर गेले होते. तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागून तिला दोन वर्षं झाली. एकटी पोर, आणि जिकडे बघावं तिकडे मेंढ्या! आमच्या ह्यांनाही बजावलं होतं, तुम्ही मधे बोलायचं नाही.

तर पोरगी म्हणते, "आई, आधी माझा डोंगर चढ, मग काय ते बोल." दर सुट्टीला ती तिथे जाते म्हणे. डोंगर कसला! झाड म्हणून नाही, नुसतं तपकिरी माळरान, आणि गवत समजून पाय टाकावा तर खाली चिखल. माझा बूट दोनदा आतच राहिला.

"वाट लागली!" मी ओरडले.

"वाट आहेच कुठे?" हे म्हणाले, आणि त्या वाऱ्यात आम्ही दोघं खो खो हसत सुटलो. किती वर्षांनी हसलो असे! पोरगी मात्र पुढे टणाटण. कांदिवलीत दोन जिने चढताना कुरकुरणारी ती हीच का?

माथ्यावर दगडांची रास होती. मी लगेच बूट-मोजे काढून हात जोडले. आमच्या कोकणात अशा ठिकाणी राखणदार असतो, त्या जागेचा देव.

"अगं आई, येणारे-जाणारे एकेक दगड ठेवतात, खूण म्हणून!" पोरगी हसून लोळायचीच बाकी होती.

"असू दे. एवढं वर आलोय तर गाऱ्हाणं घालूया."

देवाला मोठ्याने साकडं घालायचं ते गाऱ्हाणं. घरात गाऱ्हाणं नेहमी आमचे हेच घालतात, आम्ही मागून नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण ह्यांना धाप लागलेली. "आज तूच घाल गं."

तोंड उघडलं आणि आपसूक मालवणीच आली. "बा म्हाराजा, तुझा नाव आमका ठावक नाय. आमी कांदिवलीसून इलंव. ह्या आमचा चेडू हयसर एकटाच रवता. तेका थंडीवाऱ्यात सांभाळ, वाकडानाकडा काय आसात ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरगी अशी ओरडली की मेंढ्या पळाल्या.

मग जवळ आली. "आई, 'हयसर सांभाळ' म्हणालीस. म्हणजे मी राहू इथे?"

मी जीभ चावली. हे गालातल्या गालात हसत होते. देवाला सांगून झालेलं फिरवतात होय?

"रहा बाई," म्हटलं, "पण आधी माझे मोजे दे."