जिज्जींची खाणावळ का बसली

बिनलग्नाचा पुरुष आपल्या हातचं पोटभर जेवतो आहे, हे जिज्जींना पाहवत नसे. खाणावळ चालवणाऱ्या बाईला असला रोग असला म्हणजे पुढे काय व्हायचं, ते सांगायला नको. नवा माणूस पाटावर बसला, वरणभातावर तूप पडलं, की त्या पदर खोचून समोर बसत. "अच्छा, घरी कोण कोण आहे? आई कुठं मुलगी पाहून राहिली का नाही?" भाजी वाढायच्या आत त्यांना त्याचं गोत्र कळलेलं असे.

जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्या कोपऱ्यावर जिज्जींच्या आधी तिघांनी हात पोळून घेतले होते. एका मथुरेच्या हलवायानं मोठी कढई आणली, आणि चार महिन्यांत उचलून नेली. मग एका मद्राशानं कॉफीचं दुकान काढलं. त्यानंतर आपल्याच एका मराठी गृहस्थांनी 'उपाहारगृह' अशी झोकदार पाटी लावली. मागे राहिली ती पाटीच. कोपऱ्यावर चिंचेचं झाड होतं, तेव्हा खापर फोडायला लोकांना लांब जावं लागलं नाही. खरं कारण अगदी साधं होतं. कचेऱ्या सिविल लाइंसला, आणि गोरखपुरात नुसती घरं. संध्याकाळी माणूस तिथवर पोचला की त्याला स्वतःच्या घरच्या फोडणीचा वास येऊ लागे. तो वाटेत कशाला थांबतो?

जिज्जी भंडाऱ्याकडच्या. नवरा इथे नोकरीला होता, तो तापानं गेला. दीर तुमसरला न्यायला आला, तर या गेल्या नाहीत. "तिथं मी चुलीची, इथं चूल माझी," एवढंच बोलल्या. खाणावळ चालली तर जबलपुरात राहायचं, नाही तर दिरा-जावेच्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा. तिसरी वाट नव्हती. पण लढाईचे दिवस होते. लष्कराच्या कारखान्यात नागपूर-वऱ्हाडाकडची एकटी पोरं भराभर भरती झाली आणि त्या कोपऱ्यावर पहिल्यांदा पंगती उठू लागल्या. थोरल्या बहिणीला इथे जिज्जी म्हणतात, तेच नाव पोरांनी त्यांना दिलं. खरं नाव मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्या पोरांतलेच आमचे हे. मला पाहायला यांच्या घरच्यांच्या आधी जिज्जी आल्या, गोंदियाच्या छोट्या गाडीनं हाडं खिळखिळी करून घेत. माझ्या आईनं मुलाचा पगार विचारला, तर जिज्जींनी तो काय काय खातो ते सांगितलं! लग्न होऊन मी जबलपुरात आले, तो दुसऱ्या दिवशी बाई माझ्या चुलीपुढे हजर. "ह्याले वरणात गूळ नको. गोळाभातावर तेल कडकडीत पाहिजे. पाटोडीचा रस्सा मिळमिळीत झाला तर बोलणार नाही तो, पण अर्धपोटी उठन." आपलं गिऱ्हाईक असं आवडीनिवडीसकट दुसरीच्या हवाली करणारी दुकानदारीण मी तरी दुसरी पाहिली नाही. असं त्यांनी एकेक करून साऱ्यांचं केलं.

एकदा हे कारखान्यातून येताना जुन्या सवयीनं तिकडे वळले आणि पाटावर जाऊन बसले. जिज्जींनी ताट वाढलंच नाही. "ती तिकडं वाट पाहून राहिली असन. चलो, उठा!" हे उपाशीपोटी घरी आले ते फणफणतच. मी हसले, आणि मला मनातून बरंही वाटलं. नवरा खाणावळीत जेवला तर शेजारीण लगेच विचारायची, काहून गं, घरी चूल नाही पेटली काय? त्यामुळे झालं असं, की जिज्जींवर जीव टाकणारी घरं चहूकडे, आणि त्यांचे पाट मात्र भिंतीला टेकलेले.

शेवटी उरले देशकर. चाळिशी उलटलेले, एका डोळ्यानं अधू, मुलखाचे अबोल. पण कारखान्यात नवा मुलगा आला की त्याला ते जिज्जींकडे घेऊन येत, त्यामुळे चार पानं तरी रोज उठत. त्यांच्यासाठीही जिज्जींनी बालाघाटचं स्थळ आणलं, तेव्हा हे मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसले. "जिज्जी, याला तरी सोडा. हा आहे तोवर तुमची खाणावळ आहे."

"माझ्या खाणावळीसाठी त्यानं जन्मभर एकटं राहावं काय?" जिज्जी म्हणाल्या. "रोज जेवून उठते आन् त्या अंधाऱ्या खोलीत जाते बिचारा. मले नाही पाहवत, भाऊ."

देशकरांच्या लग्नाचा स्वयंपाक त्यांनीच केला. पाहुण्यांनी बोटं चाटली. घेऊन यायला आता देशकर नव्हते, तेव्हा कारखान्यातली नवी पोरं दुसरीकडे जेवू लागली, आणि थंडी सरता सरता दीर तुमसरहून आला.

मी रडले, भांडले, आमच्याकडे राहा म्हणून हट्ट धरला. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरावरून एकदा नजर फिरवली. "तुझं घर मी मांडून दिलं, पोरी. त्याच घरात मी पाहुणी होऊन काहून बसू?"

जायच्या दिवशी मी विचारलं, "जिज्जी, वाटेसाठी काय करून देऊ? तुम्हाला काय आवडतं?"

गाठोडं बांधता बांधता त्यांचा हात थांबला. पोरांपैकी कोणाला काय लागतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"मले?" त्या म्हणाल्या. "थांब, आठवून पाह्यते."

गाठोडं बांधून झालं तरी आठवेना. शेवटी मी सगळ्यांना देतात तशा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. टांग्यात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. "आठवलं म्हणजे सांगते हं."

तुमसरला त्या वर्षभरही जगल्या नाहीत. ते सांगायचं राहूनच गेलं.