शरयूनं बसवलेलं स्टिअरिंग

खोक्याचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला: नव्या, अजून कुणाच्या घामाचा स्पर्श न झालेल्या कातड्याचा, आणि त्याच्या मागोमाग वर्तमानपत्राच्या शाईचा, कारण परदेशातल्या कुठल्याशा दुकानातून निघताना ते स्टिअरिंग व्हील कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रात निगुतीनं गुंडाळलं होतं. मार्चमधली सकाळ होती. कुवेतमधल्या फिंतासला आमच्या घरापासून समुद्र दोनशे पावलांवर, पण त्या दिवशी वारा त्याच्याकडून येत नव्हता. दक्षिणेकडून, शुऐब्याच्या कारखान्यांवरून येत होता आणि आपल्याबरोबर गंधकाची एक पुसट, जिभेवर रेंगाळणारी चव आणत होता. गाडी ठेवायच्या छपराच्या पत्र्याला असलेल्या भोकांतून उन्हाचे बारीक कवडसे खाली उतरले होते. शरयूनं ते चाक दोन्ही तळव्यांवर घेतलं, नैवेद्याचं ताट घ्यावं तसं. वस्तू बोटांनी धरणं तिनं तोपर्यंत जवळजवळ सोडून दिलं होतं.

शरयू माझी पत्नी. तिला जाऊन आता दुसरा हिवाळा सुरू आहे, आणि नाशिकच्या या घरात बसून मी तिच्याबद्दल लिहायला घेतो तेव्हा आजारपण, इस्पितळ, शेवटचे दिवस हे सगळं बाजूला सारून ती छपरातली सकाळच पुढे येते. नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतला गेलो ते तिच्या नोकरीमुळे. ती ऑपरेशन थिएटरमधली परिचारिका. मी तिच्या मागोमाग गेलेला, तिथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. लोक विचारत, ‘तुम्ही कुणाच्या व्हिसावर?’ तेव्हा ‘बायकोच्या’ असं मी जरा मोठ्यानेच सांगत असे. तिच्याबरोबर काम करणारे एक सर्जन मला म्हणाले होते, ‘मी फक्त हात पुढे करतो, काय हवं ते सिस्टरना माझ्याआधी कळलेलं असतं.’ त्या वाक्यावर मी कित्येक दिवस जगलो.

मग संधिवात आला. सकाळी तिची बोटं मिटत नसत, संध्याकाळी उघडत नसत. दोन वर्षांत तिला थिएटरमधून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं गेलं, सन्मानानं, पगार न कापता, आणि म्हणूनच तिला काही बोलताही आलं नाही. घरी मी तिचा डबा उघडून ठेवू लागलो, बाहीची बटणं लावू लागलो, पिशवी तिच्या हातात जाण्याआधीच उचलू लागलो. मला वाटे, हे प्रेम आहे. ते प्रेमच होतं. पण प्रत्येक वेळी तिचा अर्धा पुढे आलेला हात मागे जात असे, ते मी पाहत नव्हतो.

गाडी आमच्या घरमालकांची. अबू यूसुफ तेव्हा सत्तरीला आलेले होते. लहानपणी वडिलांच्या व्यापारी गलबतातून मुंबईला जात असल्यामुळे त्यांची हिंदी भेंडीबाजारातल्या दुकानदाराला शोभेल अशी होती. साठच्या दशकातली ती गडद हिरवी, उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसांची ब्रिटिश गाडी त्यांच्या तारुण्याची खूण. नव्वद साली इराकी फौजा शहरात शिरल्या तेव्हा गाडी कुणी पळवू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी तिचं स्टिअरिंग व्हील काढलं आणि लपवायला एका नातेवाइकाकडे दिलं. गाडी वाचली, ते चाक पुन्हा कुणाला दिसलं नाही. सात-आठ वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती, आणि चालकाच्या जागेसमोर नुसता एक उघडा लोखंडी दांडा, कापलेल्या फांदीसारखा. त्या हिवाळ्यात त्यांनी इंजिन दुरुस्त करून घेतलं. मूळ चाक शोधून शोधून थकले, तेव्हा कातड्याच्या जाड कडेचं हे दुसरं मागवलं. मेकॅनिकला ते बसवायला तास लागला असता.

शरयू म्हणाली, ‘मी बसवते.’

तिच्या वडिलांचं नाशिकला गॅरेज होतं, आणि ती शाळेचा अभ्यास ट्रॅक्टरच्या टायरवर बसून करत असे, हे अबू यूसुफना ठाऊक नव्हतं. ते तिच्या हातांकडे पाहत राहिले.

‘सिस्टर, ये सुई लगाने का काम नहीं है.’

‘मालूम है. सुई लगाओ तो पेशंट चिल्लाता है. ये नहीं चिल्लाएगा.’

म्हातारा छाती हलवीत हसला. ‘लगा दिया तो पहला चक्कर तेरा.’

जिना चढताना मी हळूच म्हटलं, की मेकॅनिक बोलावू, तू नुसती उभी राहून सांग. ती थांबली. ‘अहो, या हातांनी एक काम मला पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचंय. मध्ये कुणी घ्यायचं नाही. तुम्हीसुद्धा. थिएटरमध्ये न मागता द्यायचं असतं, मास्तर. घरात नाही.’

म्हणून त्या सकाळी मी छपरात हात मागे बांधून उभा होतो. पहिला प्रश्न मध्याचा होता. जुनं चाक जागेवर असतं तर त्याच्या खुणेवरून नवं बसवता आलं असतं; इथे खूणच हरवलेली. पुढची दोन्ही चाकं सरळ असताना दांडा नेमका कुठे असायला हवा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं जॅकचा दांडा पायानं दाबत गाडीचा पुढचा भाग उचलला, उघड्या दांड्याला ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर पेनानं रेघ ओढली आणि मला आत बसवून सांगितलं, ‘रेघ किती वेळा फिरते ते मोठ्यानं मोजा. तेवढंच काम तुमचं.’ मग ती बाहेरून टायरला कोपरानं आणि कमरेनं रेटत राहिली, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत.

‘पावणेतीन,’ मी आतून ओरडलो.

‘निम्मे किती?’

मी घोटाळलो. ‘एक आणि... तीन अष्टमांश.’

‘इतक्यात? मला वाटलं शिवाजी महाराजांपासून सुरुवात कराल.’

दोन टोकं गाठल्याशिवाय मध्य सापडत नाही, ही साधी गोष्ट तिच्या वडिलांनी तिला शिकवलेली. मध्यावर तिनं ॲल्युमिनिअमचा हब, म्हणजे चाक ज्याला जोडायचं तो गोल तुकडा, दांड्याच्या खाचांवर बसवला, हॉर्नची तार ओढून घेतली आणि मोठा नट चढवला. वरच्या मजल्यावरच्या, शुऐब्याला नोकरी करणाऱ्या पुणेकर इंजिनिअरकडून तिनं लांब दांड्याचा एक पाना मागून आणला होता. ठरवून दिलेला जोर पुरा झाला की तो आपणहून ‘टक्’ असा आवाज करतो. बोटांत जोर नव्हता, तेव्हा तिनं त्या दांड्यावर आपला पुढचा हात आडवा ठेवला आणि सगळं अंग हळूहळू त्याच्यावर सोडलं. टक्. तिचा चेहरा त्या क्षणी असा होता, की अनेक वर्षांपूर्वी, मास्कच्या वर नुसते डोळे दिसणाऱ्या शरयूला सर्जन कसं पाहत असतील, ते मला समजलं.

नंतर तिनं खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. कुठल्याशा लग्नासाठी घेतलेली. थिएटरमध्ये नखं रंगवायला बंदी, त्यामुळे भरलेलीच राहिली होती. नटावरून दांड्यापर्यंत तिनं एक बारीक रेघ ओढली. गॅरेजमधली चाल ती: नट जरा जरी हलला, तरी रेघ तुटते आणि नजरेला कळते.

चाक हबला जोडणारे सहा छोटे स्क्रू मात्र तिच्या शत्रुपक्षाचे होते. ते आवळायच्या चावीच्या दांड्याला तिनं क्रेप बँडेज गुंडाळून तो तळव्यात मावेल इतका जाड केला होता, तरी स्क्रू चिमटीत यायचे नाहीत. तिसरा स्क्रू चार वेळा खाली पडला. प्रत्येक वेळी ती वाकून, चाचपून, तो तळव्यावर लोटून घेई. मागे बांधलेले माझे हात एकमेकांची बोटं पिळत होते. सहावा बसला तेव्हा ती म्हणाली, ‘आता अर्धा तास हात कोमट पाण्यात घालते. हॉर्नचं बटण राहिलंय, आले की लावते,’ आणि वर गेली.

मी एकटाच राहिलो. खरं सांगायचं तर, तिच्या त्या ‘टक्’वर माझा विश्वास नव्हता. गाडी रस्त्यावर निघेल, तिच्यात ती बसेल, आणि सगळं त्या एका नटावर. बटणाच्या रिकाम्या जागेतून तो दिसत होता. शेजारी तिच्या वडिलांच्या वेळचा साधा पाना पडला होता. मी तो लावला आणि सगळं बळ एकवटून ओढला. नट केसभर फिरला. मला फार बरं वाटलं.

ती परतली, बटण हातात घेऊन वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

‘कोण आलं होतं?’

‘कुणी नाही.’

‘मग हा नट आपला आपण फिरला?’

‘अगं, जरा सैल वाटला म्हणून—’

‘नट सैल नव्हता. तुम्हाला मी सैल वाटले.’

आवाज चढला नाही. ती चढ्या आवाजात बोलली असती, तर मला सोसणं सोपं गेलं असतं. तिनं बटण खाली ठेवलं आणि पहिल्या स्क्रूपासून सगळं उलटं उलगडायला सुरुवात केली. सहा स्क्रू, चाक, मग नट. माझ्या जोरानं आवळलेला तो नट सोडवताना तिला तीनदा दम घ्यावा लागला. लाल रेघ तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढली. मग पुन्हा हब, पुन्हा तार, पुन्हा तो लांब पाना आणि त्याच्यावर आडवा ठेवलेला हात. उन्हाचे कवडसे जमिनीवरून सरकत गेले. त्या दोन तासांत मी एकदाही ‘राहू दे’ म्हटलं नाही; आयुष्यात मी केलेलं कदाचित सर्वांत अवघड काम ते असावं.

टक्.

‘ऐकलंत?’

‘ऐकलं.’

‘विश्वास बसला?’

‘बसला,’ मी म्हणालो, आणि ते खरं होतं. तिनं नवी रेघ ओढली.

उन्हं कलल्यावर अबू यूसुफ काठी टेकत आले. त्यांनी चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, बटण दाबलं, आणि हॉर्नचा तो जुना, घोगरा सूर छपरात घुमला तेव्हा क्षणभर तोंड फिरवून उभे राहिले. मग शरयूला म्हणाले, ‘जा. पर धीरे.’

ती धीरे गेली नाही. समुद्राकाठचा रस्ता, डावीकडे राखाडी-निळं पाणी, वारा एव्हाना फिरून खारट झालेला. कातड्याची जाड कड तिच्या अर्ध्या मिटलेल्या हातात नेमकी बसत होती. वळणावर ती बोटांनी नव्हे, तळव्यांनी चाक लोटत होती, आणि गाडी तिचं ऐकत होती. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा झाला. तिनं दोन्ही तळवे चाकापासून टीचभर वर उचलले. चाकाचे आडवे आरे क्षितिजाला समांतर राहिले. गाडी सरळ, अगदी सरळ जात होती. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात पदव्या आहेत, चार पुस्तकं आहेत, शाळेनं दिलेली एक शाल आहे. पण त्या नजरेचा साक्षीदार मी होतो, याचा जो अभिमान वाटला तसा दुसरा कुठला नाही.

परतीच्या वळणाआधी तिनं गाडी वाळूच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. लाटांचा आवाज येऊ लागला.

‘आता तुम्ही चालवा,’ ती म्हणाली. ‘हात दुखतायत.’

ऊन उतरलंय म्हणावं तितक्या सहज ती हे बोलली. दुखणं सुरू झाल्यापासून एवढ्या वर्षांत ते शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. उतरून, गाडीला वळसा घालून मी तिच्या जागी बसलो. चाक अजून ऊबदार होतं. काहीतरी विचारावं असं वाटलं, पण आज मी तिच्या पुढे धावणार नव्हतो. गाडी सावकाश निघाली. फिंतासचे दिवे दिसू लागले तेव्हा, मांडीवर हात उताणे ठेवून, ती आपणहून सांगू लागली: आधी उजव्या हाताचं मधलं बोट कसं आखडलं, मग त्याच्या शेजारचं, केव्हा, थिएटरमधल्या कुठल्या दिवशी, हातातून काय निसटलं होतं तेव्हा. मी रस्त्यावरची नजर न काढता ऐकत राहिलो, आणि आमच्या घराचं वळण आलं तेव्हा ते न घेता सरळ पुढे गेलो.