वाणसामानाच्या यादीतली कथा

बायकोची कथा दिवाळी अंकाला मीच पाठवली, आणि त्याच मेलला माझीही जोडली. तिच्या शेजारी माझी उजळून दिसेल, असा माझा अंदाज होता.

आमच्या घरात लेखक मी. असं कुणी कधी ठरवलं नाही, पण बंद केलेल्या बाल्कनीतलं टेबल माझं आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा तिथलं दार लागलेलं. बाकीचे सहा दिवस मी अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. कुठला टेम्पो कुठे अडकला, एवढंच तिथलं साहित्य. म्हणून रविवार पवित्र. आई माझ्या मुलीला दटावते, "गप र्‍हव गो, बाबा लिवताहा." कांजूरच्या डंपिंगकडून वारा असला की मी खिडकी लावतो, पंखा तीनवर करतो आणि वही उघडतो. साडेनऊला डोकं टेकतं. बाराला गालावर वहीच्या स्पायरलचे ठसे घेऊन मी बाहेर येतो आणि सगळ्यांना थकलेला दिसतो.

बायको घाटकोपरला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सकाळी सातला हजर. संध्याकाळी येताना भाजी, मग मुलीचा अभ्यास, आईच्या गोळ्या. ही बाई लिहीत असेल, अशी शंकासुद्धा मला कधी आली नाही.

एका शनिवारी तिने मला वाण्याकडे धाडलं. यादी 'वाणसामान' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असते. ग्रुपमध्ये दोघंच, ती आणि मी, आणि मी तो म्यूट केलेला. काउंटरपाशी उभा राहून वाचायला लागलो. तूरडाळ दोन किलो. हिंग. भांड्यांचा साबण. आणि खाली: 'माणूस खोटं बोलतो, त्याची शीर बोलत नाही.'

"पुढे?" वाण्याने विचारलं.

पुढे बरंच होतं, आणि वरही. सरकवत गेलो तर रव्या-पोह्यांच्या मधून तीन महिन्यांची एक अख्खी कथा निघाली. दर पंधरवड्याला रक्त द्यायला येणारा एक म्हातारा, आणि त्याची शीर शोधणारी बाई. मला अकरा वर्षं त्या टेबलावर बसून असलं एक वाक्य सुचलं नव्हतं, आणि हिने ते साबणाखाली टाकून ठेवलं होतं! मी फक्त हिंग घेऊन घरी आलो.

"हे काय आहे?" मी फोन तिच्यापुढे धरला.

"अरे, सॅम्पल मशीनला लावलं की पाच-सात मिनिटं मिळतात. सुचलं की टाकते."

"आपल्या ग्रुपवर?"

"तू वाचतोस कुठे तो? त्याहून सेफ जागा नाही." मग पिशवीत डोकावून, "डाळ कुठाय?"

मी मोठ्या मनाचा आव आणला. म्हटलं, माझी एका अंकाला जातेच आहे, तुझीही पाठवू?

"पाठव की. नाही आली तर माझा कुठला रविवार वाया जाणारे?"

हे लागलं. मी तिचे तुकडे गोळा केले, डाळ-तांदूळ वेचून बाजूला काढले आणि पाठवून दिलं. कथा परत आली की तिची सवय मोडेल, हाही विचार होताच. खोटं कशाला बोलू.

सोमवारी कारखान्यात ऑडिट चालू असताना संपादकांचा फोन आला. "वहिनींची घेतोय. झकास आहे. फक्त शेवट जरा अर्धवट वाटतो, दोन वाक्यं हवीत. शुक्रवारपर्यंत."

"आणि माझी?"

"तुमची... तुम्ही लिहीत राहा."

"सांगतो तिला," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही.

सोमवारी ती दमली होती. मंगळवारी मी. बुधवारी तोंड उघडलं आणि गिझर नीट तापत नाही असं सांगितलं. गुरुवारी तर मी तिच्यासाठी चहा केला, इतकं मन खात होतं, ती म्हणाली, "बरं आहे ना तुला?" नुसतं गप्प राहिलो असतो तरी काम झालं असतं. कथा छापायची राहिली असती, तिला कळलंही नसतं, आणि घरात लेखक मीच उरलो असतो.

शुक्रवारी सकाळी संपादकांचा मेसेज: 'संध्याकाळी पानं छपाईला जातायत. उत्तर नाही आलं तर दुसरी कथा लावतो.'

फोन करायची हिंमत नव्हती. कारखान्यात जाताना कंपनीच्या बसमध्ये बसून मी 'वाणसामान' उघडलं. वर तिचंच होतं: नारळ दोन, कोकम. खाली लिहिलं: 'नारळ आणतो. तुझी कथा घेतलीये. शेवटी दोन वाक्यं हवीत, आजच.' पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

बस सीप्झच्या सिग्नलला अडकली होती तेव्हा उत्तर आलं. 'कोकम विसरू नकोस.' त्याखाली दोन वाक्यं. मी ती तिथल्या तिथे वाचली आणि मला त्यातला एक शब्दसुद्धा हलवता येईना. ती तशीच संपादकांना पुढे धाडली.

संध्याकाळी ती आली, पर्स ठेवली. आई जमिनीवर बसून लसूण सोलत होती.

"संपादकांचा फोन कधी आला होता?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

तिने पिशवीतलं कोकम काढून बरणीत भरलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मला राहवेना. "टेबल घे तू," मी म्हटलं. "रविवारपासून तुझं."

"नको रे. तिथे बसलं की झोप येते. तुलाच बघते ना मी."

आईने लसणीवरून मान वर केली. चारही दिवसांचा हिशेब तिला लागलेला होता.

"ऱ्हवांदे ता टेबल," ती म्हणाली. "तुका बसान बसान गोष्टी होवच्यो नाय, झिला. मूळव्याध होतली."