मोकळ्या गळ्याचा फोटो

आबांनी मला कधी फोन केलेला नव्हता. थोरले दीर ते. काही सांगायचं असलं तर आक्का सांगायची. त्यामुळं त्या सकाळी मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी काय ते समजले. “सुमन, ये बाई,” एवढंच म्हणाले, आणि फोन तसाच चालू राहिला… मागं कुणीतरी रडत होतं. सांगलीच्या स्टँडवरून गावाची पहिली एसटी धरली. आक्का झोपेतच गेली होती. मला रडूसुद्धा आलं नाही. तेव्हापासून नुसता थकवा आहे, झोपूनही न जाणारा.

आक्का माझी थोरली जाऊ. माझे मालक फौजेत होते, ते तिकडंच गेले. बायकांनी माझ्या गळ्यातलं काढलं तेव्हा आक्का आतल्या खोलीत निघून गेली, तिला ते बघवलं नाही. पुढं मला शिकायला घातलं, शाळेत नोकरीला लावलं, ते तिनंच, सगळ्या घराशी भांडून. पण हळदीकुंकवाला बायका जमल्या की मी आपली आत दूध आटवत बसायची आणि तीही काही बोलायची नाही. रीत म्हणजे रीत. त्या रितीपुढं आम्ही दोघी दमलेल्या होतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी तिच्या मुलानं, सचिननं, आम्हा दोघींना सिंगापूरला नेलं. तो तिथं नोकरीला. ऊस तुटायचा होता म्हणून आबा आले नाहीत. एक अख्खा दिवस त्यानं थीम पार्कसाठी ठेवला होता. थीम पार्क म्हणजे आपल्या जत्रेचंच श्रीमंत भावंड. घाम तोच, गर्दी तीच, फक्त धूळ नाही. माझे गुडघे सकाळीच संपले. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, सावली दिसली की मी टेकायची. आणि आक्का मान वर करून, उलटीपालटी होत धावणाऱ्या त्या गाडीकडं बघत होती.

“मला त्यात बसायचंय.”

“आवं आक्का, वय काय तुमचं!”

“शिराळ्याची हाय मी. नागाला न्हाई भ्याले, ह्या डब्याला भिऊ व्हय? लग्नाआदी नागपंचमीच्या जत्रंत पाळण्यात बसलेली, ती शेवटची. नव्या सुनंनं बसू नये म्हनाल्या सासूबाई. मग सून जुनी कवा झाली, कळलंच न्हाई.”

मी गुडघे धरून उठले आणि तिच्याबरोबर रांगेला लागले.

दाराशी उभ्या पोरीनं खुणेनं सांगितलं, चष्मा काढा, चपला काढा, गळ्यातलं काढा. सचिन म्हणाला, इथल्या कपाटात ठेवू. “सवाशिणीचं डोरलं पेटीत घालतोस व्हय?” आक्का त्याच्यावर खेकसली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, मंगळसूत्र काढलं आणि सरळ माझ्या गळ्यात घातलं. “हातात दिलं तर पाडशील. हितंच बरं.”

“आक्का, माझ्या गळ्यात? आबांना काय झालं म्हंजे?”

“त्यास्नी काय हुतंय? उसात हुबं असतील, टोळीवर वरडत.”

ती गेली. मी बाकावर बसले. मणी अजून तिच्या घामानं ओलसर होते. समोरून माणसं जात होती आणि मी कोण, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली.

आक्का परतली ती केस विस्कटलेली, तोंडाला पदर लावून हसत. सचिननं तिथंच आमचा फोटो काढला. मी गळ्यातलं काढायला गेले तर तिनं माझा हात धरला. “ऱ्हाऊ दे की जरा. कुटं पळून चाललंय?” संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना तिनं ते परत घेतलं. “घरी सांगू नगंस. बायका मला उभी जाळतील.”

मी नाही सांगितलं. पण त्यानंतर आबांना साधा ताप आला तरी मला माझ्या गळ्यातलं ते डोरलं आठवायचं. आता आक्काच आधी गेली. “भाग्याची, सवाष्ण गेली,” बायका म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला. लगेच स्वतःचीच चीड आली. तिच्या जाण्यानं मी सुटले म्हणायचं का?

तेराव्याला बाहेरच्या सोप्यात फोटो लागला. आक्काचा हसतानाचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून आबांनी सिंगापूरचाच मोठा करून आणला. फोटोवाला म्हणाला होता, शेजारच्या बाईंना कापतो आणि हिच्या गळ्यात कॉम्प्युटरवर मंगळसूत्र घालतो. आबांनी फोटोला हातसुद्धा लावू दिला नाही. आबांच्या आत्तीनं डोळे बारीक करून बघितलं. “आगं बया! सवाशिणीचा गळा मोकळा, आन् हिच्या गळ्यात…”

मी सवयीनं उठून आत निघाले.

“सुमन, बस हितं,” आबा म्हणाले. मग आत्तीकडं वळले. “शिंगापूरहून आल्या दिवशीच सांगितलंय तिनं मला. बायकू माझी, डोरलं तिचं, आन् मी अजून जित्ता हाय. तुमचं काय अडलंय?”

मी बसले. सगळ्या बायकांच्या मधे, सोप्यात… आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

त्या फोटोला हार घालायचा म्हणजे पंचाईत, कारण त्यात मीही आहे. शनिवारी गावी गेले की मी हार आक्काच्या बाजूला लावते. तो घसरून पुन्हा मधे येतो. खुर्चीतून आबा बघत असतात.

“तिकडं सरकीव, सुमन,” म्हणतात. “तुला अजून येळ हाय.”