स्वयंपाकघरातली लाइट

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं वायरिंग याच हातांनी केली. त्यामुळे मुलगा पुण्याहून म्हणाला, "अप्पा, कॅमेरे बसवायला माणूस पाठवतो," तेव्हा मी फोनच ठेवला. उल्हासनगरला गेलो आणि दोन कॅमेरे, घरातल्या लाइटी चालवणारा डबा, सगळं स्वतः आणलं. दुकानदार म्हणाला, "चाचा, फिटिंग को आदमी भेजू?" म्हटलं, "आदमी सामने खडा है."

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात ते एकमेकांना जोडायला मला चार दिवस लागले. बायकोचे गुडघे गेलेले, संध्याकाळी बटण चाचपडत जायची. म्हणून कॅमेऱ्याला तिचा चेहरा शिकवला. अंधार पडल्यावर ती बाहेरच्या खोलीत दिसली, की स्वयंपाकघरातली लाइट आपोआप लागायची आणि मुलाच्या फोनवर निरोप जायचा: आई आली.

ती हसायची. "मी घरातच असते. येते कुठून?"

पुढच्या वर्षी ती गेली. तेरावं झालं, मुलगा-सून परत गेले. गेलेल्या माणसाचा फोटो आमच्यात दक्षिणेच्या भिंतीवर लावतात, तसा मी बाहेरच्या खोलीत लावला. चंदनाचा हार घातला. तिन्हीसांजेला समोर निरांजन लावलं, हात जोडले आणि मागे वळलो.

स्वयंपाकघरात लाइट लागलेली.

हाक मारली नाही. उंबऱ्याशी उभा राहिलो. ओटा कोरडा, पातेली पालथी. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा.

"अप्पा, घरात कोण आहे?"

"मी."

"मग 'आई आली' हे काय आलंय?"

मग ते रोजचंच झालं. निरांजन लावायचो, पाठीमागे उजेड पडायचा. पंधराएक दिवसांनी मुलगा वैतागला. "ऑफिसात बसलेला असतो, अंगावर काटा येतो. उद्या दहा वाजता इथूनच आईचं नाव काढून टाकतो त्यातून."

"जोडलंय मी. तू हात लावायचा नाहीस."

"तुम्ही त्या लाइटची वाट बघत बसता, अप्पा. कळतं मला."

मी फोन ठेवला. पण वायरमनला माहीत असतं, लाइट उगाच लागत नाही. त्या संध्याकाळी फोटोवर पंचा टाकला आणि मग निरांजन लावलं. मागे वळलो. स्वयंपाकघरात काळोख.

म्हणजे एवढंच होतं. फोटोची भिंत कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. निरांजनाच्या उजेडात त्याला ती दिसायची आणि माणूस कुठला, फोटो कुठला, हे त्याला कळत नव्हतं. चूक सापडली की मला नेहमी बरं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. त्या काळोखात कुणीतरी उभं आहे, मी बटण दाबायची वाट बघतंय, असं वाटायला लागलं. बटण तीन पावलांवर होतं. माझ्याच घरात मला ती तीन पावलं टाकवली नाहीत. न जेवता आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा वाजायच्या आत, मी डब्याचा पासवर्ड बदलला आणि मुलाचा फोन त्यातून काढून टाकला. मग स्टूल घेऊन फोटोवरचा पंचा उतरवला, त्यानंच काच पुसली.