शाळा सोडण्याचे कारण

सिल्वासाच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांतील माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर कोणत्याही टेबलावरून परत आलेला नाही. ही बढाई नव्हे, वस्तुस्थिती आहे. तथापि माझ्या हातून लिहिण्याची सर्वांत मोठी चूक ज्या कामात घडली ते काम अर्जाचे नव्हते. आज ते दिवस आठवले की चुकीची लाज थोडी आणि त्या दिवसांची ओढच जास्त वाटते.

सात-आठ वर्षे झाली असतील. मुंबईहून एक तरुण संशोधक बाई आल्या होत्या. कारखान्यांत कामाला आलेल्या परगावच्या कुटुंबांतील मुले शाळा मध्येच का सोडतात, आणि नेमका कसला आधार दिला तर ती टिकतील, याचा त्या अभ्यास करीत होत्या. मसाटच्या चाळींतून त्या दोन दिवस फिरल्या, पण बायका दार अर्धे लोटून 'हो' आणि 'नाही' यापलीकडे जात नव्हत्या. तेव्हा कोणीतरी त्यांना माझ्याकडे धाडले. त्या चाळींतली बहुतेक माणसे खान्देशातली, मीही तिकडचाच, आणि त्यांच्या अर्ध्याअधिक घरांतले रेशनकार्डाचे अर्ज माझ्या हातचे. बाईंनी छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, अकरावा प्रश्न महत्त्वाचा आहे. शाळा सोडण्याचे कारण. उत्तर देणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचं."

"मॅडम, त्यांच्या शब्दांपेक्षा माझे शब्द बरे असतात," मी म्हणालो.

त्यांना तो विनोद वाटला. त्या हसल्या.

रविवारी कारखान्यांना सुटी असे, म्हणून मी रविवारी जाऊ लागलो. त्यांतल्या पहिल्या चाळीच्या जागी आता गोदाम उभे आहे. पण डोळे मिटले की ती एका ओळीतली बारा दारे, दारांसमोरची कपड्यांची दोरी आणि प्रत्येक उंबऱ्याशी माझ्यासाठी मांडलेली प्लास्टिकची खुर्ची मला जशीच्या तशी दिसते. चहाला नकार देण्याची सोय नव्हती. "वकीलसाहेब आले, वकीलसाहेब आले," असे पोरे ओरडत पुढे धावत. मी वकील नाही हे मी कधी आग्रहाने सांगितले नाही.

सहाव्या दारात ती मुलगी होती. वय चौदा, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आठवी चांगल्या गुणांनी पास झालेली, पण जूनमध्ये शाळा उघडल्यापासून नववीच्या वर्गात एकदाही गेलेली नव्हती. तिच्या वर्गशिक्षिका कोकणातल्या. त्या स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या की महिनाअखेरपर्यंत नाव पटावर ठेवते, त्यापुढे मुख्याध्यापक ऐकणार नाहीत. महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

"काय लिखू, ताई? का गेली नाही ही?" मी तिच्या आईला विचारले.

"तुम्हाले जे बरं वाटंल ते लिखा, भाऊ. आम्हाले काय कळतं? तुमच्या लिखण्यानं काम होतं, एवढं माहीत आहे." मग पदर सारखा करून तिने आवाज बारीक केला. "गरिबी आहे, असं लिखा."

तिचा नवरा आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला नाही. मुलीने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. मी तिच्याकडे पाहिले होते, पण लेखणी तोवर चालू झालेली होती. अकराव्या प्रश्नापुढे मी लिहिले: 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने नाइलाजास्तव शिक्षण खंडित करावे लागले. तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' आईला वाचून दाखवले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या अर्जांनी लोकांना रडू येते, हे मला नवे नव्हते.

मंगळवारी संशोधक बाई शेडमध्ये आल्या. त्यांनी माझ्यासमोर बत्तीस कागद पत्त्यांसारखे पसरले.

"काका, ही बत्तीस घरं आहेत की एकच घर आहे?"

"म्हणजे?"

"सगळीकडे हलाखी, सगळीकडे नाइलाज. बत्तीस ठिकाणी मेहेरबान आहेत. कोण हे मेहेरबान? मी?" त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "यावरून मी फार तर दप्तरं आणि वह्या वाटा असं सुचवू शकेन. ते तर दरवर्षी वाटतातच. आणि दप्तर घेऊनही मुलं घरीच राहतात."

मी म्हणालो, "कारण लिहायचे तर वजनदार लिहावे लागते. साध्या कारणाला कचेरीत कोणी विचारत नाही."

"ही कचेरी नाही, काका. आणि मला वजन नको आहे."

मला तो माझा अपमान वाटला. असे बोलणे मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. परंतु कागद मागे घेताना मी ते एकदा ओळीने वाचले, आणि कोणता कागद कोणत्या दाराचा हे मलाच ओळखता आले नाही. बत्तीसही दारांत मी चहा प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहाव्या दारी पुन्हा गेलो. आई कारखान्यात होती, वडील आत झोपलेले. मुलगी ओट्यावर बसून भावाला वरणभात भरवत होती, आणि भाऊ तो अंगणात थुंकत होता.

"कारण पुन्हा लिहायचे आहे," मी सांगितले. "तू सांग."

तिने भावाचे तोंड पुसले. मग तिनेच विचारले, "काका, तुम्ही कितवीपर्यंत शिकले?"

"सातवी."

"का सोडली?"

"परिस्थितीमुळे."

"म्हणजे काय?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. परिस्थिती म्हटले की माणसे मान हलवतात आणि पुढच्या विषयाला लागतात. ही पोरगी घास हातात धरून थांबली होती. मग मी जे माझ्या बायकोलाही सांगितले नव्हते ते तिला सांगितले. वडिलांना इथल्या सुताच्या कारखान्यात काम लागले तेव्हा मी गावाकडे सातवी पास होतो. जवळची शाळा गुजराती होती. मला ती अक्षरे वाचता येईनात, म्हणून गुरुजींनी मला तिसरीच्या मुलांत बसवले. पाय बाकाखाली मावत नव्हते. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरड्या मुलीने मला माझे नाव गिरवून दाखवले, फार प्रेमाने. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या नावाखाली या कचेरीत येऊन बसू लागलो. इथल्या म्हाताऱ्या अर्जलेखकाने मला गुजराती लिहायला शिकवले. घरात दोन वेळचे जेवण होते. वह्या होत्या. परिस्थिती बरी होती.

"मग लाज वाटली म्हणून सोडली," ती म्हणाली.

"हो."

तिने घास भावाच्या तोंडात घातला आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागली. आठवीपर्यंत तिची शाळा दुपारची होती. नववीचा वर्ग सकाळी सातला भरतो. आईची पहिली पाळी, तीही सातची. वडिलांना कायमची रात्रपाळी; ते सकाळी येतात आणि पडल्याबरोबर झोपतात. मग याला कोण बघणार? अंगणवाडीत तीन वर्षांच्या आत घेत नाहीत. "पप्पांना दुपारची दुसरी पाळी मिळाली तर ते सकाळी घरी जागे असतील. मी बारा वाजता येऊन जाईन. पण ते विचारत नाहीत. पोरगं सांभाळायला पाळी बदलून मागितली तर चाळीतले लोक हसतील म्हणतात."

मी ते तिच्या शब्दांत लिहून घेतले. ओळी वाकड्या आल्या; वाक्ये मध्येच संपली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत बेढब मजकूर होता.

संध्याकाळी तिचे वडील उठल्यावर मी सुपरवायझरकडे अर्ज करण्याचा विषय काढला. बराच वेळ त्यांनी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली.

"लिखा," ते शेवटी म्हणाले. "पण तब्येत बरी नाही असं लिखा."

याआधी मी शंभरदा तसे लिहून दिले असते. त्या दिवशी म्हणालो, "आजारी माणसाला पाळी बदलून देत नाहीत, घरी पाठवतात. खरे तेच लिहितो." हिंदीत चार ओळी लिहिल्या: मुलीची शाळा सकाळची आहे, छोटा मुलगा दीड वर्षाचा आहे, त्याला बघायला सकाळी मी घरी हवा, म्हणून दुसरी पाळी मिळावी.

"एवढंच?" मुलीच्या आईने विचारले. "भाऊ, चार ओळींत कोण ऐकणार?"

मलाही तीच धास्ती होती.

पाच दिवस उत्तर आले नाही. त्या पाच दिवसांत मी आणि संशोधक बाई उरलेल्या दारी पुन्हा गेलो, आणि आता मी फक्त ऐकत होतो. एकाची गावाकडच्या शाळेतून दाखल्याची नक्कल आली नव्हती. एकीला शाळेच्या वाटेवरच्या ट्रकांची भीती वाटत होती. एकाला दुकानातच आवडत होते, आणि त्याने ते छाती काढून सांगितले. बाई झरझर लिहीत, मध्येच म्हणत, "हे हवं होतं मला, काका." बाईंच्या स्कूटरवरून खडोलीच्या रस्त्याने परतताना आम्ही कोणत्या दारी कोण काय म्हणाले यावर वाद घालत असू. माझ्या व्यवसायात इतका आनंद मला पूर्वी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. त्यांचा अहवाल पुढे छापला गेला असे ऐकले. माझ्यापर्यंत तो आला नाही.

महिना संपायला तीन दिवस असताना दुसऱ्या पाळीतला एक जण रात्रपाळी मागायला आला, आणि सुपरवायझरने दुसऱ्याच दिवसापासून दोघांची अदलाबदल करून टाकली. अर्ज वाचून तो हसला म्हणे. काय म्हणून हसला, ते वडिलांनी सांगितले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला मी मुद्दाम चाळीवरून गेलो. वडील ओट्यावर बसले होते, मांडीवर तो पोरगा, हातात दुधात बुडवलेले बिस्किट. नळावरून एक जण ओरडला, "काय मावशी, बाळानं दूध पिलं का?"

"पिलं रे," ते तिकडे न बघताच म्हणाले. "तू बी ये, तुले पण पाजतो."

नळावर हशा पिकला. मला पाहून ते उठू लागले, पण पोरगा रडला म्हणून पुन्हा बसले.

"वकीलसाहेब, बसा ना. चहा मात्र तुम्हालेच ठेवावा लागंल. पोरगी शाळेत गेली."

मी आत जाऊन चहा ठेवला.